साहेबासमोर उभा असलेला माणूस: जॉनी लिव्हर यांची मंचावरून पडद्याकडची वाट

नाशिकच्या एका तरुण विनोदवीराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते गेली चार वर्षे नोकरी सांभाळून ओपन माइकमध्ये, म्हणजे कोणीही येऊन काही मिनिटे सादर करू शकतो अशा कार्यक्रमांत, आणि छोट्या सभागृहांत मराठी स्टँड-अप करतात. आता एका मराठी चित्रपटात त्यांना पतसंस्थेतील शिपायाची चार प्रसंगांची भूमिका मिळाली आहे. बहुतेक प्रसंग पतसंस्थेच्या अध्यक्षाचे काम करणाऱ्या ज्येष्ठ नटासमोर आहेत, आणि दिग्दर्शकाने त्यांना ‘जॉनी लिव्हरसारखे काहीतरी कर’ एवढेच सांगितले आहे. जॉनी लिव्हर मंचावरून पडद्यावर गेले तेव्हा नेमके काय बरोबर घेऊन गेले, मंचावरची कोणती सवय कॅमेऱ्यासमोर सोडावी लागते, आणि नोकरी सोडण्याची वेळ कशी ओळखावी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी ऑर्केस्ट्रात निवेदन आणि मिमिक्री करत या क्षेत्रात आलो, पुढे नाटकांत व चित्रपटांत लहानमोठी कामे केली आणि गेली बरीच वर्षे तरुण नटांच्या तालमी घेत आहे. त्यामुळे हे उत्तर चित्रपटाच्या इतिहासकाराचे नाही, त्याच कामात हात घातलेल्या माणसाचे आहे, आणि ते थोडे लांबणार आहे.

‘जॉनी लिव्हरसारखे कर’ असे सांगितले की बहुतेक तरुण डोळे मोठे करतात, मान झटकतात, जबडा एका बाजूला नेतात आणि वाक्याच्या शेवटी आवाज चढवतात. हे त्यांच्या कामाचे टरफल आहे. टरफल उचलणे सोपे असते आणि म्हणूनच ते पडद्यावर दोन मिनिटांत उघडे पडते. जॉनी लिव्हर यांनी मंचावरून जी गोष्ट पडद्यावर नेली ती माझ्या मते आवाजांची किंवा चेहऱ्याच्या हालचालींची शिदोरी नव्हती. साहेबासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगात काय चालते, याचे बारीक आणि स्वतः भोगून मिळवलेले ज्ञान त्यांच्यापाशी होते. त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहिला की हे ज्ञान कुठून आले ते दिसते.

त्यांचे मूळ नाव जॉन प्रकाश राव जानुमला. जन्म १४ ऑगस्ट १९५७ रोजी आंध्रातील कनिगिरी येथे एका तेलुगू ख्रिस्ती कुटुंबात झाला, पण बालपण मुंबईत, किंग्ज सर्कल आणि धारावीच्या परिसरात गेले. भावंडांत ते थोरले. शाळा सातवीपर्यंत झाली आणि घरच्या ओढाताणीमुळे सुटली. ज्या वस्तीत एका नळावर तेलुगू, तमिळ, मराठी, हिंदी अशा चार भाषा एकाच वेळी कानावर पडतात, तिथे वाढलेल्या मुलाला बोलण्याच्या लकबी वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. कोण कुठला आणि तो चिडला की त्याची जीभ कुठल्या बाजूला वळते, हे त्याला आपोआप कळत जाते. त्यांच्या पुढच्या कामात दाक्षिणात्य, पारशी, पंजाबी, गोव्याकडची अशी जी माणसे दिसतात त्यांची मुळे या वस्तीत आहेत, असे मला नेहमी वाटते.

शाळा सुटल्यावर त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर पेन विकली. नुसती विकली नाहीत. नटांचे आवाज काढत आणि गाण्यांवर नाचत विकली. या कामाकडे आपल्या क्षेत्रातील लोक केवळ करुण प्रसंग म्हणून पाहतात, पण त्याहून कठोर तालीम मला दुसरी माहीत नाही. सभागृहातील प्रेक्षकाने तिकीट काढलेले असते आणि तो बसलेला असतो. रस्त्यावरचा माणूस चालत असतो, त्याला गाडी पकडायची असते, आणि तुमच्याकडे त्याचे पाऊल थबकण्यापुरता वेळ असतो. त्या वेळात त्याने थांबायला हवे, हसायला हवे आणि वर खिशात हातही घालायला हवा. तुम्ही ओपन माइकमध्ये पाच मिनिटांचा सेट बांधता तेव्हा पहिले मिनिट ‘कसे आहात, कुठून आलात’ यात घालवत असाल, तर या पेनांची आठवण ठेवा.

वडील हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामाला होते. जॉनी यांनाही तिथेच मजूर म्हणून काम मिळाले आणि ते त्यांनी सुमारे सहा वर्षे केले. जड पिंपे उचलण्याचे ते काम होते. कारखान्यातल्या सहकाऱ्यांना ते नकला करून दाखवत, आणि कामगार संघटनेच्या एका कार्यक्रमात त्यांनी कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचीच नक्कल केली. जॉनी लिव्हर हे नाव त्या दिवशी कामगारांनी दिले. ते त्यांनी पुढे आयुष्यभर वापरले.

या एका प्रसंगावर थोडे थांबतो, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे. प्रसिद्ध नटाची नक्कल करताना मूळ आवाज सर्वांना पाठ असतो, त्यामुळे ओळख पटली की टाळी पडते आणि काम संपते. कारखान्यातील अधिकाऱ्याची नक्कल याहून फार अवघड आहे. मजुराशी अधिकारी फारसा बोलतच नाही, त्यामुळे त्याचा आवाज प्रेक्षकांच्या कानात घट्ट बसलेला नसतो. प्रेक्षकांना ठाऊक असते ते वेगळेच: तो विभागात शिरला की आपली पाठ कशी ताठ होते, हातातील काम चालू असल्यासारखे कसे दाखवावे लागते, त्याने नाव विचारले की घसा कसा कोरडा पडतो आणि तो निघून गेला की सगळे एकमेकांकडे कसे पाहतात. अशा नकलेत साहेब जितका दाखवावा लागतो तितकाच साहेबासमोरचा कामगार दाखवावा लागतो. म्हणजे एकटा माणूस मंचावर उभा असला तरी तो दोन माणसांमधले नाते दाखवत असतो, आणि नाते दाखवणे हाच अभिनयाचा पाया आहे. शिवाय ज्यांची नक्कल करायची त्यांच्याच हाती आपली नोकरी आहे, हा धोका प्रत्येक हालचालीमागे उभा असतो, आणि त्या धोक्यामुळे विनोदाला नेमकेपणा येतो. एक पाऊल जास्त पडले तर अपमान होतो, एक कमी पडले तर कोणी हसत नाही.

यानंतर ऑर्केस्ट्रांचे आणि संगीतकारांच्या जलशांचे दिवस आले. कल्याणजी-आनंदजी यांच्या कार्यक्रमांत त्यांना स्थान मिळाले, कार्यक्रमांतील कमाई वाढत गेली आणि १९८१ मध्ये त्यांनी कारखाना सोडला. १९८२ मध्ये कल्याणजी-आनंदजी आणि अमिताभ बच्चन यांच्याबरोबर त्यांचा मोठा परदेश दौरा झाला. आजच्या स्टँड-अप करणाऱ्यांना त्या काळच्या ऑर्केस्ट्राची कल्पना यावी म्हणून सांगतो. लोक गाणी ऐकायला आलेले असत. मिमिक्रीचा आयटम दोन गाण्यांच्या मध्ये, वादकांना उसंत मिळावी किंवा पुढच्या गायकाची तयारी व्हावी म्हणून ठेवलेला असे. वेळ तुमच्या हातात नसे; आत तयारी झाली की बाजूने खूण होई आणि आयटम तिथेच आवरावा लागे. मैदान उघडे, शेवटची रांग लांब, ध्वनिव्यवस्था गाण्यासाठी लावलेली. तिथे बारीक भुवई उडवून काहीही पोहोचत नाही. खांदा, मान, कंबर, सगळे शरीर वापरावे लागते. जॉनी लिव्हर यांच्या चेहऱ्याच्या आणि अंगाच्या ज्या मोठ्या हालचालींवर काही समीक्षक नाके मुरडतात, त्या हालचाली त्या मैदानाच्या शेवटच्या रांगेसाठी घडलेल्या आहेत. ती त्यांची हौस नव्हती, त्या जागेची गरज होती.

त्याच सुमारास त्यांच्या विनोदाच्या ध्वनिफिती निघाल्या आणि घराघरांत वाजल्या. ध्वनिफितीत चेहरा दिसत नाही आणि हात दिसत नाहीत. तिथे आवाजाचा पोत, वाक्याचा वेग आणि पॉज एवढ्याच भांडवलावर माणूस उभा करावा लागतो. मैदानाने त्यांना शरीर शिकवले आणि ध्वनिफितीने आवाज वेगळा काढून पाहायला शिकवले, असे मी मानतो. तुम्ही आपल्या सेटचे चित्रीकरण पाहत असाल, तर एकदा पडदा झाकून फक्त ऐका आणि एकदा आवाज बंद करून फक्त पाहा. दोन्ही वेळा जे उरते ते तुमचे खरे काम.

चित्रपटात त्यांचे पाऊल लवकर पडले, पण जम बसायला फार वेळ लागला. सुनील दत्त यांच्या १९८२ च्या ‘दर्द का रिश्ता’मध्ये त्यांना संधी मिळाली. ‘होप ८६’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात सगळी चित्रपटसृष्टी समोर बसलेली असताना ते मधल्या वेळेचा आयटम म्हणून उभे राहिले आणि लोकांनी त्यांना उचलून धरले. त्यातून नसीरुद्दीन शाह यांच्याबरोबरचा ‘जलवा’ मिळाला. नंतर ‘तेजाब’सारख्या गाजलेल्या चित्रपटांत ते होते. तरीही सामान्य प्रेक्षकाच्या तोंडी त्यांचे नाव कायमचे बसले ते १९९३ च्या ‘बाजीगर’मधील बाबूलालमुळे. पहिल्या संधीपासून मोजले तर ही अकरा वर्षे होतात, आणि या अकरा वर्षांत ते मंचावर सतत काम करत होते. चार प्रसंगांच्या भूमिकेनंतर फोन वाजला नाही म्हणून खचणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हा आकडा सांगतो.

बाबूलाल हा श्रीमंत घरातील विसरभोळा नोकर. या भूमिकेतील पुष्कळ गोष्टी सेटवर सुचल्या आणि दिग्दर्शक अब्बास-मस्तान यांनी आपल्याला मोकळीक दिली, असे जॉनी लिव्हर यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. संहितेत नसलेले असे काही आयत्या वेळी घालण्याला नाटकाच्या भाषेत आपण अॅडिशन घेणे म्हणतो. मात्र नुसत्या अॅडिशनच्या बळावर ती भूमिका तीस वर्षे टिकली नसती. विसरणे हा त्या माणसाचा स्वभाव म्हणून एकदा ठरला, आणि मग प्रत्येक प्रसंगात त्या स्वभावाशी प्रामाणिक राहून जे सुचेल ते घेतले गेले. बाबूलाल विनोद करत नाही. तो घाईत आहे, मालकांचे काम नीट व्हावे अशी त्याची मनापासून इच्छा आहे, आणि त्याची आठवण त्याला दगा देते. मालकांसमोर आपण चुकलो आहोत हे त्याला अर्धवट कळते आणि ते झाकण्याची त्याची धडपड चालते. विभागात साहेब शिरल्यावर काम चालू असल्याचे दाखवणारा तो कामगार इथे मला स्पष्ट दिसतो. ज्याला आपण बेअरिंग म्हणतो, म्हणजे भूमिकेचा स्वभाव धरून ठेवणे, ते इतके पक्के होते की वर घेतलेली कोणतीही जागा, म्हणजे सुचलेली गंमत, भूमिकेबाहेर पडली नाही.

हेच १९९८ च्या ‘दुल्हे राजा’मध्ये पाहता येते. कादर खान यांनी केलेल्या हॉटेलमालकापुढे जॉनी लिव्हर त्याचा व्यवस्थापक बांके म्हणून उभे आहेत. मालक संतापी, आणि त्याच्या हॉटेलासमोरच गोविंदाने ढाबा टाकलेला. यातील सगळी गंमत मालकाला हो म्हणता म्हणता मनाने दुसरीकडे असलेल्या माणसाची आहे. कादर खान यांचे वाक्य चालू असताना जॉनी लिव्हर यांच्याकडे पाहत राहा. वाक्य दुसऱ्याचे असते आणि हशा यांना मिळतो, कारण ते खरोखर ऐकत असतात आणि ऐकलेले त्यांच्या चेहऱ्यावर उमटत असते. या भूमिकेसाठी आणि त्याआधी ‘दीवाना मस्ताना’साठी त्यांना उत्कृष्ट विनोदी अभिनयाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

आता मंच आणि कॅमेरा यांतील व्यावहारिक फरक. माझ्या पहिल्या चित्रपटात मला एकच मोठा प्रसंग होता. मी वाक्य घेतले आणि सवयीने हशासाठी थांबलो. सेटवर कोणी हसले नाही, कारण टेक चालू असताना कोणी हसायचे नसते. त्या शांततेने मी घाबरलो, पुढचे वाक्य चढ्या आवाजात घेतले, मग त्याहून चढ्या. संकलनात माझा प्रसंग निम्मा झाला, आणि जे उरले ते पाहताना मला कळले की मी समोरच्या नटाकडे एकदाही नीट पाहिलेले नव्हते. मी नसलेला प्रेक्षक शोधत होतो. मंचावरील माणसाला कॅमेऱ्यासमोर सर्वांत अवघड जाते ते हेच. त्याचा कान प्रेक्षकांच्या हशावर लावलेला असतो, वाक्याचा वेग हशावर बेतलेला असतो, आणि अचानक तो आधार काढून घेतला जातो. तो कान समोरच्या नटाला लावायचा असतो. मंचावर तुम्ही प्रेक्षकांचा श्वास ऐकून पॉज लांबवता किंवा तोडता. सेटवर समोरच्याचा श्वास ऐकून तेच करायचे. कौशल्य जुनेच आहे, दिशा बदलते.

अॅडिशन घेण्याचीही सेटवर एक शिस्त आहे. फिल्मवर चित्रीकरण होत होते तेव्हा ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा चारशे फुटांचा डबा साधारण साडेचार मिनिटांत संपत असे, आणि प्रत्येक फुटाचे पैसे मोजलेले असत. अशा वेळी टेकमध्ये नवे वाक्य टाकून समोरच्या नटाला गोंधळात पाडले तर सगळ्या युनिटचे नुकसान होई. त्यामुळे जाणते विनोदी नट सुचलेली जागा तालमीतच दाखवत, समोरच्याची संमती घेत, दिग्दर्शकाच्या कानावर घालत आणि मगच टेकमध्ये घेत. आज डिजिटल कॅमेऱ्यामुळे फिल्म वाया जाण्याची भीती राहिली नाही, पण समोरचा नट गोंधळतो तो आजही गोंधळतोच. दुसरे असे की मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, ज्या शब्दावर हात उचलला त्याच शब्दावर क्लोज-अपमध्येही तो उचलावा लागतो, नाहीतर दोन तुकडे जुळत नाहीत आणि तुमची सर्वांत चांगली जागा संकलकाला नाइलाजाने टाकून द्यावी लागते. मंचावर प्रत्येक प्रयोगात नवे करण्याची सवय असलेल्याला ही पुनरावृत्ती जाचते. पण जो नट आपला हात, पेला, पाऊल लक्षात ठेवतो त्याची जागा पडद्यावर राहते.

त्या काळच्या बहुसंख्य हिंदी चित्रपटांत सेटवरचा आवाज वापरला जात नसे. काही महिन्यांनी स्टुडिओत स्वतःच्या ओठांकडे पाहत सगळे पुन्हा बोलावे लागे. सेटवर उत्स्फूर्तपणे निघालेली हुंकाराची किंवा अडखळण्याची जागा अंधाऱ्या खोलीत पुन्हा तितकीच ताजी घेणे किती कठीण असते, हे ज्याने केले त्यालाच माहीत. ध्वनिफितींवर घडलेला आवाज जॉनी लिव्हर यांच्या इथे कामी आला असणार, अशी माझी खात्री आहे.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट मला खटकते आणि ती मी लपवणार नाही. नव्वदच्या दशकातील हिंदी चित्रपटांनी त्यांच्याकडून भरपूर काम घेतले. त्यांच्या चित्रपटांची संख्या तीनशेच्या पुढे गेली. पण त्यांतील पुष्कळ काम मुख्य कथेला समांतर धावणाऱ्या वेगळ्या विनोदी प्रसंगांचे होते. असे प्रसंग कथेपासून सुटे असतात, नायकाच्या तारखांशिवाय पुरे करता येतात आणि लांबी वाढली की आधी तेच कापले जातात. लेखकाने पान जवळजवळ कोरे ठेवायचे आणि नटाने सेटवर येऊन ते भरायचे, ही पद्धत रूढ झाली. त्यात नटाची हजरजबाबी बुद्धी दिसते, पण त्याच्यातील नटाला वाढायला जागा मिळत नाही. याच मुंबईत १९५० च्या दशकात बसवाहक बदरुद्दीन काझी यांचे जॉनी वॉकर झाले. बसमधील प्रवाशांना हसवणाऱ्या या माणसाची शिफारस बलराज साहनींनी गुरुदत्त यांच्याकडे केली आणि पुढे त्यांना कथेत विणलेल्या, स्वतःचे गाणे असलेल्या भूमिका मिळाल्या. दोन्ही जॉनी कष्टकरी मुंबईतून आले. पहिल्यासाठी चित्रपटांनी कथेत घर बांधले, दुसऱ्याला बहुतेक वेळा ओसरीवर बसवले. मराठीत नायगावच्या गिरणगावातून आलेल्या दादा कोंडके यांचे उदाहरण आहेच. लोकनाट्यात रोज नवी जागा घेणारा हा सोंगाड्या चित्रपटात गेला तेव्हा कथेचा मध्यबिंदू स्वतःच झाला, कारण निर्मितीची सूत्रे त्याने आपल्या हाती घेतली होती.

पुढे परिस्थिती आणखी बदलली. नायकच विनोद करू लागले आणि वेगळ्या विनोदी नटाची गरज कमी झाली. आपल्या प्रसंगांना मिळणारा प्रतिसाद पाहून काही वेळा ते कापले गेले आणि विनोदी जागा नायकांकडे वाटल्या गेल्या, असे जॉनी लिव्हर यांनीही मुलाखतींत सांगितले आहे. विनोदी अभिनयाचे ते स्वतंत्र फिल्मफेअर पारितोषिकही नंतर बंद झाले. या काळात त्यांना सावरले ते मंचाने. चित्रपट कमी झाले तरी देशात-परदेशात त्यांचे कार्यक्रम होत राहिले, आणि त्यांची मुलगी जेमी हीदेखील स्टँड-अप करत याच क्षेत्रात आली. म्हणून माझे स्पष्ट सांगणे आहे की चित्रपट मिळाला तरी मंच सोडू नका. मंचावर तुमचे पान तुम्हीच लिहिता.

नोकरीविषयी. जॉनी लिव्हर यांनी कारखाना सोडला तो चित्रपटाच्या आशेवर नव्हे. कार्यक्रमांचे पैसे नियमित येऊ लागले आणि दोन्ही सांभाळणे अशक्य झाले तेव्हा सोडला. तोपर्यंत पिंपे उचलणे आणि रात्री कार्यक्रम करणे, दोन्ही चालू होते. तुमच्याकडे सध्या एक भूमिका आहे आणि तिचे चित्रीकरण फार तर आठवडाभराचे असेल. रजा घ्या. चित्रपटाचे कितीही मोठे आश्वासन मिळाले तरी त्याची मंचाच्या मिळकतीत गणना करू नका. बारा महिन्यांची मंचावरची मिळकत वहीत लिहून काढा. ज्या वर्षी सर्वांत वाईट चार महिन्यांतही त्यातून घरखर्च निघाला, त्या वर्षी पुन्हा विचार करा. आणि सध्याची नोकरी केवळ पगारापुरती पाहू नका. कार्यालयात साहेब केबिनमधून बाहेर आला की कोणाच्या हातातील मोबाइल कुठे जातो, कोण उगाच कागद चाळतो, कोण हसतो आणि कोण हसण्याआधी इतरांकडे पाहतो, हे तुम्हाला रोज फुकट पाहायला मिळत आहे. जॉनी लिव्हर यांना कारखान्याने हेच दिले होते.

शेवटी तुमचा तिसरा प्रसंग, ज्यात तुम्हाला एकही वाक्य नाही. अध्यक्ष एका ठेवीदाराला खोटे आश्वासन देत आहेत, तुम्ही चहाचा ट्रे घेऊन उभे आहात आणि दिग्दर्शकाला तिथे ‘काहीतरी गमतीचे’ हवे आहे. तिथे चेहरा करू नका, कप हिंदकळवू नका. आधी स्वतःशी ठरवा की त्या पतसंस्थेत या शिपायाचीही ठेव आहे का. असली, तर अध्यक्षांचे प्रत्येक वाक्य त्याच्याही पैशाबद्दल आहे, आणि तरीही त्याला चहा साहेबांपुढेच आधी ठेवायचा आहे. ठेवीदार ‘कधी मिळतील’ असे विचारतो तेव्हा शिपायालाही तेच ऐकायचे असते, म्हणून तो कप खाली ठेवता ठेवता थांबतो, साहेब त्याच्याकडे पाहतात, आणि थांबण्याचे कारण म्हणून तो तोंडाने काही न बोलता नजरेनेच विचारतो की साखर घालू का. ही जागा तालमीत त्या ज्येष्ठ नटांना आधी दाखवा. कप कोणत्या शब्दावर थांबतो ते दोघांनी मिळून ठरवा, तो हात उजवा की डावा हे संहितेच्या पानावर लिहून ठेवा, आणि टेकच्या वेळी तो ‘कधी’ हा शब्द खरोखर ऐका.